चिठ्ठी संपते तिथून पुढे: बीपी, शुगर आणि दम्याच्या रुग्णांसाठी मेडिकलच्या काउंटरवर करायची कामं

लालबागच्या चाळीखालचं मेडिकल असो की घाटकोपर स्टेशनबाहेरचं, संध्याकाळी सात ते दहा या वेळेत चित्र एकच असतं. ट्रेनमधून उतरलेला माणूस मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो, "हीच, दोन पाकिटं" म्हणतो, पैसे देतो आणि निघतो. मिनिटभराचं काम. पण हाच बीपीचा रुग्ण डॉक्टरांकडे तीन-चार महिन्यांतून एकदा जातो आणि तुमच्याकडे, म्हणजे फार्मासिस्टकडे, दर महिन्याला येतो. गोळी चुकतेय, पाय सुजलेत, कोरडा खोकला लागलाय, दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिलंय, हे सगळं सर्वांत आधी काउंटरवरच दिसू शकतं. बघायचं ठरवलं तरच दिसतं, म्हणून हा लेख.

आधी हद्द स्पष्ट करून घेऊ. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार रुग्णाला औषध कशासाठी आहे, कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं हे समजावणं फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. डोस कमी-जास्त करणं, नवीन औषध सुरू करणं हे आपलं काम नाही. शेड्यूल एचच्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीतल्या) चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी परस्पर दुसरा ब्रँड देणंही औषध नियमांतल्या नियम ६५ (११-ए) मध्ये बसत नाही. स्वस्त पर्याय हवा असेल तर डॉक्टरांना फोन लावायचा, त्यांचा होकार चिठ्ठीवर तारखेसकट नोंदवायचा. ही हद्द पाळली की डॉक्टरही आपला फोन आनंदानं उचलतात.

सुरुवात वीस जणांपासून

सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम ही सेवा द्यायला जाल तर आठवड्यात सुटेल. पहिले वीस निवडा. रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधं घेणारे, इन्सुलिनवर असणारे, इनहेलर वापरणारे, एकाच वेळी दोन-तीन डॉक्टरांकडे जाणारे, नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेले आणि एकटे राहणारे म्हातारे. यातही घरी सोडलेले रुग्ण पहिले घ्या, कारण हॉस्पिटलची नवी यादी आणि घरातल्या जुन्या गोळ्या दोन्ही एकाच वेळी सुरू राहण्याचा धोका तिथेच सर्वाधिक.

वेळ दुपारी दोन ते चार. गर्दीच्या वेळी फक्त एवढंच सांगा, "उद्या दुपारी घरच्या कुणाला तरी सगळ्या गोळ्या घेऊन पाठवा, पाच मिनिटं बघून देतो." नोकरदार माणूस दुपारी येणार नाही, त्याच्यासाठी रविवारची सकाळ ठेवा.

पिशवी उघडणं

सर्वांत जास्त हाती लागतं ते या पायरीत, म्हणून घाई करू नका. "घरात जेवढ्या गोळ्या, बाटल्या, चूर्णं, ड्रॉप आहेत तेवढं सगळं एका पिशवीत घालून आणा" असं सांगायचं. फक्त "औषधं आणा" म्हटलं तर लोक आयुर्वेदिक काढा, गुडघ्याची गोळी आणि झोपेची गोळी घरीच ठेवून येतात. त्यांच्या लेखी ती औषधं नसतात.

काउंटरवर सगळं मांडा आणि ब्रँडनं नाही, सॉल्टनं (गोळीतल्या मूळ औषधाच्या नावानं) गट करा. एका बाजूला बीपीचं टेल्मिसार्टन ज्यात ज्यात आहे ते सगळं, दुसऱ्या बाजूला शुगरचं मेटफॉर्मिन असलेलं सगळं. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या इतक्या आहेत की नावावरून काही कळत नाही. फॅमिली डॉक्टरांची साधी टेल्मिसार्टन ४० आणि हृदयरोगतज्ज्ञांची टेल्मिसार्टन ४० अधिक ॲम्लोडिपिन ५, दोन्ही रोज सकाळी पोटात. रुग्णाला वाटतं, एक बीपीची आणि एक हृदयाची.

मग प्रत्येक गोळी हातात धरून तीन प्रश्न विचारा: ही कशासाठी घेता, कधी घेता, शेवटची कधी घेतली. "गोळ्या वेळेवर घेताय ना?" हा प्रश्न विचारू नका, उत्तर कायम "हो" असतं. त्याऐवजी "गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेली?" असं विचारलं की माणूस बोटावर मोजायला लागतो.

पिशवीतून हमखास निघणाऱ्या काही गोष्टी:

पेनकिलर. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, त्यावर लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर पेनकिलर असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडावर एकदम ताण येतो, शिवाय बीपीही वर जातं. गुडघा दुखतो म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून घेतलेली गोळी बीपी आटोक्यात न येण्याचं कारण असू शकते. अशा रुग्णाच्या नावापुढे लाल पेनानं खूण करा आणि दुकानातल्या पोऱ्यालाही सांगून ठेवा की यांना पेनकिलर द्यायच्या आधी मला विचारायचं.

खोकल्याच्या बाटल्या. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू असलेल्या माणसानं दोन महिन्यांत तीन सिरप नेले, तर सिरप देणं थांबवून डॉक्टरांना कळवा. कोरडा, घशात खवखव करणारा, कफ नसलेला खोकला त्या गोळीचाच असू शकतो आणि त्याला सिरपनं गुण येत नाही. ॲम्लोडिपिननं येणाऱ्या घोट्याच्या सुजेचंही तसंच. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीनं फारशी उतरत नाही. मूळ गोळीचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी, तिच्यासाठी तिसरी, अशी साखळी तोडणं हे आपल्या हातून होण्यासारखं मोठं काम आहे. यात एक सावधगिरी. मधुमेही माणसाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर गोळीला दोष देण्याआधी टीबीची तपासणी. मुंबईत हे विसरून चालणार नाही.

आठवड्याची गोळी. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आणि संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी कमी होतात, जीव जाऊ शकतो. पाकिटावर "आठवड्यातून एकदा" एवढं लिहून भागत नाही. "फक्त रविवारी" असं वार घालून लिहा, चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या द्या आणि फॉलिक ॲसिडचा वार डॉक्टरांना विचारून वेगळा लिहा.

थायरॉइडची बाटली. लिव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनंतर. आपल्या बायका तिन्ही गोळ्या चहाबरोबर एकदम उरकतात, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही म्हणून डोस वाढत जातो. डोस वाढवण्याआधी वेळ बदलून बघता येईल का, हे डॉक्टरांना सुचवायला हरकत नाही.

वही, आणि रिफिलची तारीख

सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, नाहीतर दोनशे पानी वही पुरते. प्रत्येकाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर नाव, वय, फोन, औषध न्यायला कोण येतं, ॲलर्जी, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) तारखेसह, आणि सॉल्टच्या नावानं औषधांची यादी. उजव्या पानावर चार रकाने: दिलेली तारीख, किती गोळ्या, किती दिवस पुरतील, पुढची तारीख. वही काउंटरखाली बंद ठेवा. शेजारच्या गिऱ्हाइकाला कुणाची शुगर किती ते दिसता कामा नये.

पुढच्या तारखेचा हिशेब साधा आहे. १ जूनला रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या दिल्या, तर त्या ३० जूनच्या रात्री संपतात. माणूस १२ जुलैला आला, म्हणजे ११ दिवस गोळीविना गेले. ४१ दिवसांपैकी ३० दिवस औषध पोटात, म्हणजे ७३ टक्के. साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की बीपी किंवा शुगर आटोक्यात नसण्याचं कारण डोस कमी पडतोय हे नसून गोळी पोटातच जात नाही हे असू शकतं. डॉक्टरांना हा आकडा माहीत नसतो. ते १५०/९५ बघून आणखी एक गोळी लिहितात, आणि पुढच्या महिन्यात रुग्णानं दोन्ही नेमानं घेतल्या तर तो चक्कर येऊन पडतो.

उशिरा आलेल्या माणसाला कधीही "का नाही आलात?" असं दरडावून विचारू नका. स्टेशनजवळच्या सवलतीच्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलं असेल. पगार झाला नसेल. गोळी घेतल्यावर मरगळ येते म्हणून मुद्दाम सोडली असेल. किंवा कुणीतरी सांगितलं असेल की बीपी नॉर्मल आलं, आता गोळीची गरज नाही. चारही कारणांवरचा उपाय वेगळा आहे. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्र किंवा महापालिकेचा "आपला दवाखाना" दाखवा. जनऔषधीत औषधं स्वस्त मिळतात, आपला दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणखी एक अडचण पाकिटांची. काही गोळ्या दहाच्या पाकिटात, काही पंधराच्या, मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा. त्यामुळे एक औषध १० तारखेला संपतं, दुसरं १५ ला, तिसरं २० ला, आणि माणूस तीन फेऱ्या टाळून एकच मारतो. पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्यांची शेवटची तारीख एक करून घ्या. ज्या औषधाच्या सहा गोळ्या घरात उरल्यात ते त्या हिशेबानं कमी द्या.

पाकीट कापून देताना बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेला भाग सगळ्यात शेवटी कापला जाईल असं बघा. कापलेल्या तुकड्यावर तारीख नसेल तर कागदी पाकिटावर औषधाचं नाव, ताकद, एक्स्पायरी लिहा. टेल्मिसार्टनची गोळी हवेतली ओल ओढून घेते. मुंबईच्या जुलैमध्ये ती पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवली तर मऊ पडते. डबी वापरणाऱ्यांना सांगा, ही गोळी फॉइलसकट कापून डबीत ठेवा, घ्यायच्या वेळीच फोडा.

पाकिटावरच्या सूचना रुग्णाच्या भाषेत लिहा. एकाच गल्लीत मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू वाचणारे आणि काहीच न वाचणारे असतात. सूर्य आणि चंद्राचं चित्र सगळ्यांना कळतं. "१-०-१" (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) रुग्णाला कळतं असं धरून चालू नका. शेवटी विचारा, "घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल?" तो सांगताना अडखळला की चूक कुठे आहे ते लगेच सापडतं.

नवीन गोळी, दहाव्या दिवशी फोन

इंग्लंडमध्ये २०११ पासून फार्मसींमार्फत नव्या औषधासाठीची सेवा चालते. दीर्घ आजाराचं नवं औषध सुरू झालं की एक-दोन आठवड्यांत फार्मासिस्ट रुग्णाशी बोलतो, आणि त्यासाठी फार्मसीला पैसे मिळतात. आपल्याकडे पैसे मिळत नाहीत, पण कल्पना उचलण्याजोगी आहे. लोक गोळी सोडतात ती बहुधा पहिल्याच महिन्यात. दहाव्या दिवशी दुपारी दोन मिनिटांचा फोन करा: सुरू केली का, काही त्रास, काही शंका. मेटफॉर्मिननं पोट बिघडलं असेल तर जेवणाच्या मध्यावर किंवा लगेच नंतर घेतल्यानं बहुतेकांना बरं वाटतं. हळू विरघळणारी मेटफॉर्मिन घेणाऱ्याला शौचात गोळीचं रिकामं आवरण दिसू शकतं. औषध शोषलं गेलेलं असतं, घाबरू नका, हे आधीच सांगितलं तर तो गोळी सोडत नाही. ती गोळी कुटून किंवा अर्धी करून मात्र द्यायची नाही.

काउंटरवर बीपी मोजताना

चुकीचं मोजलेलं बीपी न मोजण्याहून वाईट. दंडावर बांधायचं, प्रमाणित डिजिटल यंत्र घ्या. मनगटाचं नको. पट्टा दोन मापांचा ठेवा: दंडाचा घेर २७ ते ३४ सेंमी असेल तर मधला, ३५ ते ४४ असेल तर मोठा. जाड दंडावर छोटा पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो.

अर्ध्या तासात चहा, तंबाखू, जिने चढणं झालेलं नको. लघवी लागलेली नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. शर्टाची बाही वर गुंडाळून आवळू नका, हात बाहेर काढा. पाच मिनिटं शांत बसवा. मोजताना गप्पा बंद, तुमच्याही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांत मोजा, ज्या हातात जास्त तोच हात पुढे कायम. म्हातारे, मधुमेही आणि चक्कर येते म्हणणारे यांचं उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर तेच डॉक्टरांना कळवायचं.

दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून वर आलं की डॉक्टरांकडे. घरी मोजणाऱ्यांसाठी ही रेघ १३५/८५. १८०/१२० किंवा वर आलं आणि छातीत दुखणं, दम, नजर अंधुक होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. पक्षाघाताची शंका असेल तर लक्षणं सुरू झाल्याची नेमकी वेळ कागदावर लिहून सोबत द्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्या माणसाला तोंडानं काहीही नाही, ॲस्पिरिनसुद्धा नाही.

लक्षणं नसताना आकडा तेवढा आला तर शांत बसवून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. जिभेखाली निफेडिपिनची (बीपी उतरवणारी) कॅप्सूल फोडून द्यायची जुनी सवय कुठे उरली असेल तर आजच सोडा. बीपी एकदम कोसळून त्यातूनच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

इन्सुलिन: काउंटरवरची सर्वांत महागडी चूक

आपल्याकडे इन्सुलिनची बाटली प्रामुख्यानं ४० युनिट प्रति मिलीची, पेनमधली कार्ट्रिज (औषधाची नळी) १०० युनिट प्रति मिलीची. बाटलीसाठी लाल टोपणाची ४० ची सिरिंज, १०० साठी केशरी टोपणाची.

समजा डोस २० युनिट आहे. रुग्णाला हॉस्पिटलमधून पेन दिलं. पेनच्या सुया महाग पडतात म्हणून घरी कार्ट्रिजमध्ये लाल टोपणाची सिरिंज खुपसून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. अर्ध्या मिलीत १०० च्या ताकदीचे ५० युनिट. अडीचपट डोस गेला. उलट चूक झाली, बाटलीतलं औषध केशरी टोपणाच्या सिरिंजनं २० पर्यंत ओढलं, तर ०.२ मिली म्हणजे फक्त ८ युनिट, आणि शुगर साडेतीनशेवर. म्हणून नियम एकच: बाटली किंवा कार्ट्रिज देताना सिरिंज वेगळी मागितली तरी ताकद आणि टोपणाचा रंग दोन्ही समोर ठेवून जुळवायचं. कार्ट्रिज नेणाऱ्यानं सिरिंज मागितली, की थांबा आणि कशासाठी ते विचारा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवलेलं गोठतं, आणि गोठलेलं पुन्हा वितळलं तरी कामाचं नाही. चालू बाटली किंवा पेन ३० अंशांखाली, बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे, नेमके दिवस खोक्यावर बघा. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहून द्या. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापमान ३० च्या पुढे जातं. फ्रिज नसेल तर मडक्यात ओली वाळू भरून त्यावर छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन. दुकानातून नेताना बर्फाची पिशवी कागदात गुंडाळून द्या, इन्सुलिन बर्फाला थेट टेकू नये. आणि दुकानाच्या फ्रिजमध्ये जेवणाचा डबा नको. थर्मामीटर ठेवा, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा.

टोचण्याची पद्धत एकदा करून दाखवायला सांगा. ढगाळ इन्सुलिन हातात दहा वेळा लाटायचं आणि दहा वेळा वरखाली करायचं, जोरात हलवायचं नाही. पेनवर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं, टोचल्यावर दहा अंक मोजून सुई काढायची. बोटानं चाचपल्यावर पोटावर रबरासारख्या गाठी लागत असतील तर तो तिथेच तिथेच टोचतोय. नव्या जागी टोचल्यावर औषध जास्त शोषलं जाऊन शुगर उतरू शकते, त्यामुळे जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टोपण लावून. कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार करा.

शुगर लो, उपवास आणि व्होग्लिबोज

७० च्या खाली शुगर म्हणजे लो. घाम, थरथर, भूक, चिडचिड. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच, सुधारल्यावर पोळी किंवा बिस्किटं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८.

एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी शुगरची तिहेरी गोळी आपल्याकडे भरपूर चालते. व्होग्लिबोज आतड्यात साखरेचं विघटन रोखतं. त्यामुळे अशा माणसाला लो झाल्यावर साखर, गूळ, चॉकलेट लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. त्या पाकिटाबरोबर ग्लुकोज पावडरचा छोटा पुडा द्या आणि ऑफिसच्या बॅगेत ठेवायला सांगा. विरार लोकलमध्ये दरवाजात उभं असताना लो झालं तर काय, एवढा एकच प्रश्न विचारला की लोक पुडा नेतात. ग्लिमेपिराइडनं लो झालेल्या म्हाताऱ्या माणसाची शुगर सुधारल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्याला हॉस्पिटलमध्ये दाखवाच. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाची, ठोके कमी करणारी गोळी) घेणाऱ्याला थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. ती खूण त्याला सांगून ठेवा.

श्रावण, नवरात्र आणि रमजान यांच्या दोन आठवडे आधी वहीतून ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिनवाले शोधा, उपवास करणार का विचारा आणि डॉक्टरांकडून त्या दिवसांचा डोस लिहून घ्यायला पाठवा. दिवसभर उपाशी राहून ग्लिमेपिराइड घेतली तर शुगर उतरते, आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली की चढते. डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यानं निर्जळी उपवास करू नये. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर शुगर नॉर्मल दिसत असली तरी लगेच हॉस्पिटल.

इनहेलर

"इनहेलर लागू पडत नाही" असं कुणी म्हणालं की आधी वापरून दाखवायला सांगा. रोटाकॅपची (यंत्रात घालून श्वासानं ओढायच्या पावडरची) कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही भेटतात, कारण कॅप्सूल म्हणजे गिळायची असंच आयुष्यभर शिकलेलं असतं. पावडरचं यंत्र जोरात आणि खोल ओढायचं. फवाऱ्याचं यंत्र मात्र सावकाश. हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबता दाबता हळू खोल श्वास घ्या, दहा अंक रोखा, दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. स्टिरॉइडचा इनहेलर असेल तर चूळ भरून थुंका. म्हातारे आणि मुलं यांना स्पेसर (फवाऱ्याला जोडायची पोकळ नळी) द्याच. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून आपोआप वाळू द्या, फडक्यानं पुसलं तर आत स्थिर वीज तयार होऊन औषध चिकटतं.

२०० फवाऱ्यांचा डबा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे घेतले तर ५० दिवसांत संपतो. स्टिरॉइडचा डबा चार महिने पुरला आणि निळा साल्ब्युटामॉल (दम लागल्यावर लगेच आराम देणारा फवारा) दर महिन्याला लागतो, तर माणूस आग विझवतोय, आग लागायचं थांबवत नाहीये. वर्षात तीन किंवा जास्त साल्ब्युटामॉल लागत असतील तर दम्याच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चेंबूर, देवनारकडच्या हवेत हे आकडे आणखी बिघडतात, म्हणून ऑक्टोबरमध्येच या रुग्णांना फोन करा.

पावसाळा आणि गाव

जुलै-ऑगस्टमध्ये उलट्या-जुलाब झाले की मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडाला जड जातात. रुग्णाला सांगा, जेवण-पाणी टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारायचं. इन्सुलिन आपणहून पूर्ण बंद करायचं नाही. ताप असेल तर फक्त पॅरासिटामॉल, डेंग्यूची शक्यता असताना पेनकिलर नाही. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्याला, विशेषतः स्टेंट असलेल्याला, स्वतः बंद करू देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा.

मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी कोकणात जातात. गावात तोच ब्रँड मिळत नाही आणि तालुक्याला जाणं होत नाही. पंधरा दिवस आधी विचारा, मुक्कामाचे दिवस अधिक आठवडाभराचा साठा द्या, आणि सॉल्टच्या नावानं लिहिलेली यादी पाकिटात ठेवा. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, गाडीच्या डिकीत नाही.

डॉक्टरांना चिठ्ठी

पाच ओळींपेक्षा लांब नको, आरोपाचा सूर नको. असं:

"रुग्ण: पुरुष, ६२. आपल्याकडून टेल्मिसार्टन ४०, सकाळी. १२ तारखेपासून हृदयरोगतज्ज्ञांकडून ॲम्लोडिपिन ५ + टेल्मिसार्टन ४०, सकाळी. दोन्ही चालू आहेत. आज बसून १०८/६४, उभं राहून ९०/५८, चक्कर. पुढे काय घ्यावं ते कृपया कळवावं."

उत्तर आलं की वहीत तारखेनं नोंद. एखाद्या औषधाचा त्रास वेगळा किंवा गंभीर वाटला तर औषध सतर्कता कार्यक्रमाच्या (औषधांच्या त्रासाची नोंद घेणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या) १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, आणि परळच्या केईएम रुग्णालयात त्याचं केंद्र आहे. त्रास औषधामुळेच झाला याची खात्री असण्याची अट नाही, शंका पुरते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी वही उघडा. पुढची तारीख उलटून सात दिवस झालेली नावं वेगळ्या कागदावर उतरवा आणि फोन लावायला बसा.